भाऊ समुद्रावर

राळेगावचा भाऊ सुट्टीवर स्वतःच्या मर्जीने कधीच निघत नाही. पुण्यात नोकरीला लागलेलं पोरगं तिकिटं काढतं, सूनबाई खोल्या बुक करते, आणि आता पैसे परत मिळत नाहीत एवढं कळलं की भाऊ पिशवी भरायला घेतात. कुणा एकाचं नाव घेत नाही. तालुक्यात असा भाऊ घरटी एक आहे, आणि एकाचं घेतलं तर बाकीचे रुसतील.

महिना मेचा. राळेगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला, कोरडवाहू वावर नांगरून तापत पडलेलं. आरामाला याहून बरा मुहूर्त नाही, असं सूनबाईला वाटतं. पण पुढच्या खोलीत भाव वाढायच्या आशेने थांबवलेला कापूस छताला लागलाय. घरात पाठ टेकायला जागा नाही, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलीय, तरी भाऊ विकत नाहीत. हा माणूस वर्ध्याहून गाडीत बसतो आणि मजल दरमजल करत दापोलीजवळच्या मुरूडला उतरतो, तेव्हा खाज मागे राहते, कापूस सोबत येतो.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला भाऊ किनाऱ्यावर हजर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्टची इस्त्री शाबूत, चपला काखेत, कारण ‘इथं कोनाचा भरोसा?’ बराच वेळ पाण्याकडे बघून पोराला विचारतात, “आपला पाऊस इथूनच येते ना बे?” पोरगा शाळेतलं आठवून सांगतो, एक शाखा इथून, दुसरी बंगालच्या उपसागरातून. “म्हंजे मृग कोरडा गेला त जाब दोघाइले विचारा लागते,” भाऊ म्हणतात, आणि पाय न भिजवता परत फिरतात.

मग फोन. सालदाराला. “लाइन आली काय? डीपी त नाही ना जळली?” विहिरीजवळ थोडा उन्हाळी भुईमूग आहे. शेतीच्या पंपाला वीज आठ तास, त्यातही पाळी बहुधा रात्रीची. वर्षानुवर्षं पाळीप्रमाणे उठायची सवय, त्यामुळे रात्री अडीचला भाऊ मुक्कामाच्या अंगणात उभे. मोटर आठशे किलोमीटरवर. घरमालकाला वाटतं पाहुण्यांना डास चावले. तो बिचारा अगरबत्ती आणून देतो.

वहिनींचं मात्र पहिल्याच लाटेला जमलं. पातळासकट पाण्यात बसल्या त्या बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी चहा मागत नव्हतं. “अहो, या ना,” असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. पुन्हा नाही म्हटलं.

भाऊंना नुसतं बसता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून बसणं या विषयात अख्खा जिल्हा तयार झालाय. खरेदी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे, आणि पोरसवदा भाऊ बापाशेजारी बंडीखाली रात्री काढत. रांग सरकत नाही तोवर जगात दुसरं काम नाही. पत्ते, बिडी, शिदोरी, झोप. याला आराम म्हणत नसत एवढंच. पण त्या बसण्याच्या शेवटी वजनकाटा होता. समुद्रासमोर बसलं तर शेवटी काय मोजून मिळतं, हे भाऊंना कुणी सांगत नाही. “बाबा, रिलॅक्स व्हा,” असं सूनबाई म्हणते. “झालो,” म्हणून भाऊ घड्याळ बघतात.

अशाने सुट्टी संपलीच असती; पण एका संध्याकाळी पोरगा सगळ्यांना हर्णै बंदरावर घेऊन गेला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. पोरगा इतिहास सांगत होता आणि भाऊंची किल्ल्याकडे पाठ होती. कारण होड्यांमधला माल घ्यायला चक्क बैलगाड्या समुद्रात शिरल्या होत्या. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात! भाऊंनी पहिल्यांदा पॅन्ट दुमडली. आत शिरून बैलाच्या पाठीवर थाप मारली, गाडीवानाला विचारलं, “खारं पानी खुराले लागत नाही काय? जोडी केवढ्याले घेतली?”

तेवढ्यात वाळूवर लिलाव सुरू झाला. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती रिंगण, आणि बोली चढू लागली. भाऊ माळकरी; मासळीचा वास घरात चालत नाही. तरी कोपरं मारत रिंगणात घुसले आणि पुढच्या रांगेत ओल्या वाळूवर मांडी ठोकून बसले. इस्त्री गेली. कोणती कोळीण मुद्दाम गप्प राहून भाव पाडतेय आणि कोणता व्यापारी उगाच फुगवतोय, हे त्यांना माशाचं नाव न कळताही कळत होतं. मग एकदम काहीतरी लक्षात आलं आणि त्यांनी सालदाराला फोन लावला.

“अबे, इथं माल पान्यातून काढून तसाच इकून राह्यले! टपटप गळते, अन् ओलाव्याची कट्टी नाही! आपल्या कापसात आठ टक्क्याच्या वर गेला का पैसे कापते, बाराच्या वर गेला का गाडी वापस.”

तिकडून सालदार म्हणाला, “भाऊ, लाइन आली.”

“येऊ दे,” भाऊ म्हणाले. “ठेव फोन. बोली ऐकू येऊन नाही राह्यली.”