मधातली खुर्ची

खामगावच्या आमच्या मामांकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग खुर्ची. पाणी-चहा सगळ्यांना एकदम मिळतो. खुर्चीला नंबर लागतो.

समोरच्या खोलीत दोन स्पीकर, त्यांच्यात 7 फूट अंतर. दोघांपासूनही बरोबर 7 फुटांवर वेताची ती खुर्ची, आणि तिच्या चार पायांखाली फरशीवर ऑइलपेंटचे चार ठिपके. मामी फरशी पुसताना खुर्ची उचलतात आणि अंदाजानं परत ठेवतात. घरातली बहुतेक भांडणं या अंदाजावरून.

पाहुणा टेकला की मामा त्याची मान धरतात. अक्षरशः, न्हावी धरतो तशी. "जरासाक मांगं. हां. आता डोये मिट. सांग, बाई कुठी उभी हाये?"

बाई म्हणजे गाणारी. ती मामांच्या मते गजानन महाराजांच्या फोटोखाली, जमिनीपासून 4 फुटांवर उभी असते. तबला कपाटाजवळ. बासरी खिडकीच्या पलीकडं, म्हणजे शेजाऱ्यांच्या न्हाणीत. "दिसून राह्यली का तुले?" पाहुणा चहाला जागून हो म्हणतो.

थट्टा सोडली तर बाई खरंच दिसते. दोन्ही पेट्यांतून तोच आवाज एकाच वेळी आला की मेंदू फसतो आणि मोकळ्या जागेत माणूस उभा करतो. कडेनं आलेला आवाज लांबच्या कानाला फार तर सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो. डोकं आडवं येतं म्हणून थोडा बसकाही. तेवढ्यावरून मेंदू दिशा ताडतो. हा हिशेब मला मामांनीच शिकवला. हेच मामा स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर मांडवात आले होते.

ते बिघडले मुंबईत. मिनर्व्हात 70 एमएमचा 'शोले' पाहताना नाणं पडल्याचा आवाज आला आणि मामा खुर्चीखाली वाकले. पुढं कुठंतरी त्यांना ब्लूमलाइन भेटला. सिनेमात नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे न खपून त्या इंग्रज इंजिनिअरनं 1931 साली स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. मामा त्याचं नाव व्याह्यासारखं घेतात.

उघड्या भिंतीवरून आवाज उलटतो आणि चित्र फिसकटतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गाद्या टांगल्यात. खामगाव कापसाचं गाव, गाद्यांना तोटा नाही. पाहुणे सतरंजीवर झोपतात.

खरी अडचण वेगळीच आहे. खुर्चीवरून फूटभर डावीकडं सरका, डाव्या पेटीचा आवाज आधी पोचतो आणि बाई मुकाट्यानं त्या पेटीत जाऊन बसते. म्हणजे मैफल एका माणसाची. पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्या या वऱ्हाडी माणसाच्या घरात नेमका हाच एक पदार्थ दोघांना पुरत नाही. पाहुण्याला खुर्ची दिली की मामा स्वतः दाराशी उभे, आणि त्यांच्या कानाला सगळी मैफल एका कोपऱ्यात गोळा झालेली.

एका दिवाळीत रंगारी आला. त्यानं जाताना एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी जोडली. आवाज दोन्हीकडून येत होता, पण खर्ज पातळ आणि मधली जागा रिकामी. मामा दोन दिवस जेवले नाहीत. मामींनी ओट्यावरून सांगितलं, "यायची बाई गेली, म्हून जेवत नाहीत." संध्याकाळी शेजारीण पदर सावरत भेटायला आली.

मी एकदा म्हटलं, "मामा, तुमची आवडती गाणी साठच्या आधीची, सगळी मोनो. त्यात डावं-उजवं आहेच कुठं?" माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली. "म्हनूनच तं बाई मंधातून हालत नाही!"

यंदा पंढरपूरहून परतणारी महाराजांची पालखी खामगावातून शेगावकडं निघाली. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये मृदंग. मामा रस्त्याच्या मधोमध घुसले, डोळे मिटले, अर्धं पाऊल मागं सरकले. चेहऱ्यावर असं समाधान मी त्या खुर्चीतही पाहिलं नव्हतं. एका सेवेकऱ्यानं खांद्याला धरून त्यांना अदबीनं कडेला आणलं, "माउली, वाट द्या."

मामा कडेला उभे राहिले. क्षणभर ऐकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "गेले सारे टाळ डाव्या पेटीत."