२३ मार्च कधी उजाडणार?

प्रति,
व्यवसाय-ग्राहक विभागाचे प्रमुख,
एक मोठी दूरसंचार कंपनी

विषय : ६ फेब्रुवारीला मागवलेली आणि आज १० ऑक्टोबरलाही न आलेली १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन

महोदय,

तुमच्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ज्या ज्या कारखानदारांशी बोललो, त्यांच्यापैकी अनेकांकडे हीच कहाणी निघाली, फक्त कंपन्या वेगळ्या. पण माझ्या ऑर्डरवर सही तुमच्या विभागाची आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमचं ऑफिस कोल्हापूरचं. फाउंड्रीत धातूचा रस ओतण्याआधी तो साच्यात कसा वाहील, कुठे आधी गोठेल, कुठे पोकळी राहील, हे संगणकावर तपासून देणं हा आमचा व्यवसाय. माणसं २२. शिवाजी उद्यमनगरातली जुनी जागा अपुरी पडू लागली, म्हणून शिरोलीत मोठी जागा घेतली. तुमच्या प्रतिनिधीला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की, लाइन येणार असेल तरच आम्ही हलू. त्यांनी पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला : 'सर, तुमची साइट फिजिबल आहे. ४५ दिवसांत लाइन चालू.' ६ फेब्रुवारीला आम्ही पीओ (खरेदीची ऑर्डर) दिली, जोडणीचे पैसे भरले. ४५ दिवस म्हणजे २३ मार्च. त्या तारखेवर विसंबून मी जुन्या जागेच्या मालकांना ३१ मार्चची नोटीस दिली.

२३ मार्च आला आणि गेला. मग १५ एप्रिल ठरला, मग १० मे. त्यानंतर सांगण्यात आलं की पावसाळ्यात खोदाई बंद असते. पुढे गणपतीनंतर, मग दसऱ्यानंतर. परवा कळलं, दिवाळी होऊ द्या. आज २४६ दिवस झाले.

रस्ता खोदणं सोपं नसतं, हे मला कळतं. परवानगी लागते, मजूर लागतात, पाऊस कोणाच्या हातात नसतो. त्यासाठी मी तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाही. माझा आरोप वेगळा आहे. तुम्ही मला जी तारीख दिलीत, ती देताना तुमच्या एकाही माणसानं माझं दार पाहिलेलं नव्हतं.

हे मला जूनमध्ये कळलं. एक तंत्रज्ञ आला, तरुण पोरगा, प्रामाणिक. गेटपाशी उभा राहून त्यानं फोनवरचा नकाशा पाहिला आणि म्हणाला, 'सर, आपला फायबरचा चेंबर महामार्गाच्या पलीकडे आहे.' नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर ६२० मीटर. पण मधून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. तो फोडता येत नाही, खालून आडवं ड्रिलिंग करून पाइप न्यावा लागतो आणि त्याची परवानगी वेगळी. जे त्या मुलाला दहा मिनिटांत दिसलं, ते तुमच्या विभागाला चार महिने दिसलं नाही. 'फिजिबल' हा शब्द तुम्ही ऑफिसात बसून लिहिलात. सर्व्हे रिपोर्टवर फेब्रुवारीतल्या भेटीची तारीख आहे. त्या दिवशी आमच्या गेटच्या वहीत तुमच्या कोणाचीच नोंद नाही.

त्याहून वाईट पुढे घडलं. जुलैअखेर मी स्वतः औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात चौकशीला गेलो. तुमचे लोक तीन महिने मला सांगत होते, 'परवानगी पेंडिंग आहे सर, त्यांच्याकडून येत नाही.' तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडलं. तुमचा अर्ज २१ जुलैला दाखल झाला होता. मे आणि जूनमध्ये जी परवानगी 'अडकली' होती, ती तोवर कोणी मागितलीच नव्हती.

कायद्यानं तुमच्यासाठी वाट सोपी केली आहे, हेही मी वाचून काढलं. २०१६ च्या राइट ऑफ वे नियमांत परवानगीच्या अर्जाचा निर्णय ६० दिवसांत द्यायचा, नाही दिला तर परवानगी मिळाली असं मानायचं, अशी तरतूद होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांतही निर्णयाला मुदत आहेच. अर्जांसाठी गतिशक्ती संचार हे पोर्टल २०२२ पासून आहे. पण घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल केल्यावर. टेबलावर पडलेल्या अर्जाला कोणताही कायदा मुदत घालू शकत नाही.

आता आमचा करार पाहा. लाइन महिन्यातून ९९.५ टक्के वेळ चालू राहील, अशी त्यात हमी आहे. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात फार तर ३ तास ३६ मिनिटं बंद. त्यापेक्षा जास्त बंद राहिली तर बिलात सूट. पण ही हमी लागू होते लाइन सुपूर्द झाल्यापासून. सुपूर्द व्हायला किती दिवस लागले तर काय, यावर अकरा पानांच्या करारात एक ओळ नाही. ३ तास ३६ मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या करारात २४६ दिवसांना जागा नाही. ही माझीही चूक आहे, सही मी केली. पण करार तुम्ही लिहिलात, आणि ती ओळ का नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

ही ओळ लिहिणं अशक्य नाही. आपल्याकडच्या ट्राय या दूरसंचार नियामकानं २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या जोडणीला १५ कामाच्या दिवसांचा मापदंड घातला होता. ब्रिटनमध्ये लीज्ड लाइनच्या उशिराच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१६ मध्ये ऑफकॉम या नियामकानं ओपनरीच या जाळं उभारणाऱ्या कंपनीला जोडणीचा सरासरी काळ टप्प्याटप्प्यानं ४० कामाच्या दिवसांवर आणायला बजावलं. खोदाई तिथेही आहे आणि पाऊसही. फरक इतकाच की तिथे उशीर मोजला गेला.

आमच्याकडे तो कसा मोजायचा, ते सांगतो. एका मोठ्या कास्टिंगच्या तपासणीची फाइल ३८ जीबीची होते. लीज्ड लाइनवर जितका वेग खाली येताना मिळतो तितकाच वर पाठवताना मिळतो, आणि तो दुसऱ्या कोणाशी वाटून घ्यावा लागत नाही. १०० एमबीपीएसनं ती फाइल साधारण ५१ मिनिटांत जाते. शिरोलीत आम्हाला मिळालेल्या साध्या जोडणीवर वर पाठवण्याचा वेग २० एमबीपीएस. त्यावर सव्वाचार तास, तेही मधे तुटलं नाही तर. म्हणून आमची एक इंजिनिअर रात्री ११ पर्यंत स्क्रीनवरची पट्टी सरकण्याची वाट पाहत बसते. तिचे वडील गेटबाहेर स्कूटर लावून थांबतात. एकदा रात्री साडेदहाला ८७ टक्क्यांवर जोडणी तुटली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ती काही बोलली नाही. तिचे वडील आत आले आणि मला म्हणाले, 'साहेब, हे किती दिवस?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमची तारीख त्यांना सांगायची मला लाज वाटली.

जुन्या जागेच्या मालकांच्या मी पुन्हा पाया पडलो. ते भले म्हणून आठ माणसं अजून उद्यमनगरात बसतात. एप्रिलपासून दोन जागांची भाडी चालू आहेत. फेब्रुवारीत तुम्ही 'नऊ महिने लागतील' म्हणाला असतात, तर मी उद्यमनगर सोडलं नसतं, किंवा दुसऱ्या कंपनीची रेडिओ लिंक छपरावर बसवून घेतली असती. उशीर मला सोसता आला असता. खोट्या तारखेनं मला तयारीच करू दिली नाही. खरं नुकसान ते आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पीओ घेण्याआधी माणूस जागेवर पाठवा आणि सर्व्हेवर ग्राहकाची सही घ्या. एकच तारीख देऊन मोकळे होऊ नका. अर्ज कधी दाखल झाला, परवानगी कधी आली, खोदाई, फायबर जोडणी, चाचणी, असा प्रत्येक टप्पा अर्जाच्या क्रमांकासह कळवा. ठरलेल्या दिवसानंतरच्या प्रत्येक दिवसाची भरपाई करारात लिहा, आणि तोवर पर्यायी जोडणी स्वतःच्या खर्चानं द्या. तारीख चुकणार असेल तर ती उलटण्याआधी फोन करा. 'अजून माहीत नाही' हे उत्तर आम्हाला चालेल, त्यावर नियोजन करता येतं.

माझ्यासारख्या छोट्या उद्योजकांनाही सांगतो. सर्व्हेची प्रत हातात आल्याशिवाय पीओ देऊ नका. चेंबर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते स्वतः जाऊन पाहा. परवानगी 'पेंडिंग' आहे म्हणाले की अर्जाचा क्रमांक मागा. आणि नव्या लाइनवर एक मोठी फाइल स्वतः पाठवून पाहिल्याशिवाय जुनी जागा आणि जुनी जोडणी सोडू नका. हे चारही धडे मी पैसे मोजून शिकलो आहे.

महोदय, महामार्गाची परवानगी १९ सप्टेंबरला मिळाली. ती मी स्वतः पाठपुरावा करून आणली, तिची प्रत तुमच्या विभागाला ईमेल केली आहे. पावसाचं कारण आता उरलेलं नाही. १३ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता मी महामार्गाच्या पलीकडच्या त्या चेंबरपाशी उभा असेन. तुम्ही या, किंवा निर्णय घेऊ शकेल असा माणूस पाठवा. तिथे उभं राहून, रस्ता डोळ्यांनी पाहून, मला तारीख सांगा. ती दोन महिन्यांनंतरची असली तरी मी ऐकून घेईन. त्या संध्याकाळी गेटबाहेर स्कूटर लावून थांबलेल्या वडिलांना ती सांगण्याचं धाडस मला व्हायला हवं, एवढी ती खरी असू द्या.

आपला,
शिरोलीतला एक ग्राहक