कोपऱ्यावर एजंट येऊन गेला म्हणे

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कुंपणापाशी या. ओरडून सांगण्यासारखं नाहीये. कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल सेकंडहँड गाड्यांचा एजंट आला होता. हो हो, त्याच गाडीसाठी! सकाळी सातला स्टार्ट केली की आमची तावदानं थरथरतात ना, ती ऑक्टाव्हिया आरएस. धाकट्याने विकायला काढलीय.

मी काही मुद्दाम बघत नव्हते हं, जास्वंदीला पाणी घालत होते. एजंटाच्या हातात मोबाइलएवढं यंत्र होतं. ते तो दारांना, बॉनेटला टेकवून आकडे बघत होता. रंगाचा थर मोजतं म्हणे. कुठे ठोकून पुन्हा रंगवली असेल तर तिथे थर जाड लागतो. काही सापडलं नाही. टायर बघितले, सर्व्हिस रेकॉर्ड चाळलं, फर्स्ट ओनर, सगळं चोख. मग महाशयांनी हुकमाचं पान काढलं, "साहेब, आता नवीन मॉडेल आलंय ना." आणि असा काही भाव सांगितला की धाकट्याच्या आईने एजंटासाठी आणलेला चहा तसाच परत आत नेला.

पोरगं घाबरलंय हो. नवी आली की जुनी पडते, एवढंच त्याच्या डोक्यात. एरवी खरंही आहे ते. नवीची बातमी फुटली की जुन्यांचे मालक एकदमच विकायला निघतात. एक्स्चेंजमध्ये आलेल्या गाड्या शोरूमवाले तरी किती दिवस उन्हात ठेवणार? कर्नाटकचा आंबा मार्केट यार्डात उतरला की आपल्या हापूसवाल्याचा आवाज कसा खाली येतो, तसंच ते. पण ह्या गाडीची गोष्ट निराळी. ही २०१७ ची आरएस २३०, तेव्हा एक्स-शोरूम पंचवीस लाखांच्या आत होती. २०२० मध्ये आरएस २४५ आली ती तयार होऊनच परदेशातून, फक्त २०० नग, ३६ लाखांना! आणि आता २०२५ च्या ऑक्टोबरात जी आली, ती ५० लाखांना हजार रुपये कमी. अख्ख्या भारतासाठी १०० गाड्या, त्याही सगळ्या बुक झालेल्या. मग ज्यांना मिळाली नाही किंवा झेपली नाही, ते कुणाचं दार वाजवणार? एजंटाला हे ठाऊक नसेल असं वाटतं तुम्हाला?

मला कुठलं कळायला, आमच्या जावयांनी सांगितलं. श्टुटगार्टला असतात ना ते. पोर्शेचं गाव ते. नाही हो, पोर्शेत नाहीत, दुसऱ्या कंपनीत आहेत, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातवाच्या अभ्यासाचं विचारावं तर ह्यांचं गाड्यांचंच सुरू.

ते सांगत होते, २०१३ मध्ये पोर्शेने ९११ ची नवी जीटी३ काढली आणि हाताने टाकायचा गिअरच काढून टाकला. गाडी आणखी वेगवान झाली, पण शौकीन मंडळी रुसली. परिणाम काय, तर गिअरचा दांडा असलेल्या आधीच्या जीटी३ ला मागणी चढली. म्हणजे नवी आली म्हणून जुनी महाग! मग २०१६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कंपनीने ९११ आर आणली. ५०० हॉर्सपॉवर, गिअर हातानेच टाकायचा, आणि मोजून ९९१ गाड्या. अमेरिकेत मूळ किंमत १,८४,९०० डॉलर. बऱ्याच जणांनी घेतली ती चालवायला नव्हेच. पुढे विकायला. भाव दुपटीच्याही वर गेले. एवढे पैसे मोजायचे आणि गाडी गॅरेजात झाकून ठेवायची, ही कसली हौस?

आणि पुढच्याच वर्षी, त्याच जिनिव्हात, कंपनीने नवी जीटी३ मांडली. तेवढीच ५०० हॉर्सपॉवर, हवा त्याला हाताचा गिअर, आणि संख्येची अट नाही. सप्टेंबरात तर मागचा मोठा पंख काढलेलं टूरिंग पॅकेजही आलं, म्हणजे दिसायलाही जवळजवळ ९११ आर. किंमत १,४३,६०० डॉलर. झालं! ९११ आर चा फुगलेला भाव धाडकन खाली आला. मूळ किमतीला घेऊन डोंगरातून फिरवणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. दुप्पट-तिप्पट मोजून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता, त्याची मात्र चांगली जिरली. मला तर बरंच वाटलं बाई.

म्हणजे जुनीचं वय राहतं बाजूला, नवीने काय गमावलंय ते बघायचं. ९११ चं इंजिन १९९८ पर्यंत हवेवर थंड व्हायचं. पुढची पिढी पाण्यावर गेली. वर तिच्या दिव्यांना लोकांनी तळलेली अंडी म्हणून नावं ठेवली. ती कित्येक वर्षं सगळ्यात स्वस्त मिळणारी ९११ होती, आणि तिच्या आधीचीला आजही सोन्याचा भाव.

म्हणून मी धाकट्याच्या आईला सकाळीच भाजीवाल्यापाशी गाठलं. म्हटलं, एजंटाला टोकन घेऊन येऊ दे, पण एकट्याचा भाव ऐकून आरसीवर सही करू नका. आणखी चार जणांना दाखवा, नवीची किंमत आधी तोंडावर फेका, मग बोला.

तुमच्या ह्यांची हॅचबॅक? ती मात्र ठेवून काही उपयोग नाही हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीच स्वस्त झाली. तुमची द्या बाई लवकर काढून, मिळेल त्या भावाला.