शेपूट नसलेलं वासरू

पोलो श्रीमंतांचा खेळ आहे, हे कळायला खेळ कळावा लागत नाही. हिशेब कळला की पुरतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पोलो चालू असला की मी कुंपणाबाहेर उभा राहून हा हिशेब मांडतो. पूर्ण मापाचं मैदान ३०० यार्ड लांब. एवढ्या जागेत मुंबईत अख्खी वसाहत उभी राहते आणि पुनर्विकासालाही निघते. खेळाची एक फेरी, म्हणजे चक्कर, जेमतेम सात मिनिटांची, पण तेवढ्यात घोडा दमतो म्हणून पुढच्या चकरेला दुसरा घोडा. आमच्या घरात एकाच स्कूटरवर दोन पिढ्या गाडी शिकल्या. ती दमली की आम्ही तिला आडवी करायचो, बदलायचो नाही.

म्हणून काऊबॉय पोलोबद्दल वाचलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "आपली माणसं!"

"कुठली?" बायकोने विचारलं.

"मोंटानाची."

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या या पोलोत हिरवळीचे लाड नाहीत. कुंपण घातलेलं धुळीचं रिंगण चालतं. संघात चारऐवजी पाच जण, चक्कर पंधरा मिनिटांची. पांढऱ्याशुभ्र विजारी नाहीत. जीन्स घालायची, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि सुटायचं. पोलोचा चेंडू मुठीत मावतो. इथला चेंडू मोठा, रबरी आणि लालभडक, म्हणजे चष्मा घरी विसरलेल्यालाही दिसेल असा.

खोगीरही गुरं वळणाऱ्यांचंच. त्याच्या पुढच्या बाजूला एक शिंग असतं. दोराने पकडलेलं जनावर हिसडा मारतं तेव्हा दोराला पीळ द्यायला ते कामी येतं. खेळताना मात्र त्याला हात लावायला सवड नसते, कारण एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात लांब काठी. माथेरानला मला असं शिंग फार हवं होतं. "साहेब, मानेला मिठी मारू नका," घोडेवाला म्हणाला होता, "त्याला वाटतं, घरी चाललोय."

सगळ्यात मला भावला तो पट्ट्यांचा नियम. रिंगणाचे पट्टे पाडलेले असतात आणि स्वाराने आपापला पट्टा सांभाळायचा. चेंडू पलीकडे गेला की अंगात कितीही वारं भरलं तरी थांबायचं. अगदी सरकारी कचेरीसारखं: हे काम आमच्याकडे येत नाही, शेजारच्या खिडकीवर चौकशी करा. फरक एवढाच, की इथे शेजारच्या खिडकीवर खरंच कुणीतरी हजर असतं.

याला कुणी पोलोचा गावठी अवतार म्हणून नाक मुरडलं, तर त्याला मणिपूरला पाठवावं. तिथल्या 'सगोल कांगजै'तूनच आजचा पोलो निघाला. बुटकी मणिपुरी तट्टं, एका बाजूला सात स्वार, आणि गोलाचे खांब नाहीतच; मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडून चेंडू गेला की झालं. राजाही खेळे आणि रयतही. साहेबाने तो पाहिला, १८५९मध्ये सिल्चरला क्लब काढला, पुढे खेळ इंग्लंडला नेला आणि त्याला नियम, इस्त्री व सभासद-वर्गणी लावली. काऊबॉयने यातली निदान इस्त्री तरी काढून टाकली.

राहिला घोडा. त्याला कुणी विचारलेलं नाही. पाव मैल जिवाच्या आकांताने पळणारा क्वार्टर हॉर्स हा गुरांच्या कामातला मुरलेला गडी. कळपातून नेमकी गाय वेगळी काढताना ती कुठे वळणार हे त्याला स्वाराच्या आधी कळतं. अशा जाणकारापुढे हे लोक एक लाल वासरू टाकतात. त्याला डोकं नाही, शेपूट नाही, हंबरणं नाही. दहा जण आळीपाळीने त्याच्यामागे धावतात, महत्प्रयासाने त्याला गोठ्यात घालतात, वर आरोळ्या ठोकतात. आणि लगेच स्वतःच्याच हाताने ते बाहेर काढून पुन्हा मधोमध आणून ठेवतात! घोडा फुरफुरतो तो दमून नव्हे. या माणसांना गोठ्याचं दार लावायला कुणी शिकवलंच नाही, अशी त्याची खात्री पटलेली असते.