पहारेकऱ्यावर पहारा

पुण्याच्या पेठांतल्या किंवा तालुक्याच्या गावांतल्या छापखान्यांत अजूनही नोकरीत असलेला जुना संगणक केवळ मालकाच्या चिकटपणामुळे टिकला आहे, असे मानणे त्या मालकावर अन्याय करणारे ठरेल. या संगणकाच्या पोटात २००१ साली निघालेला पेजमेकर ७ असतो, ज्यानंतर त्या आज्ञावलीची पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. जोडीला युनिकोडपूर्व काळातले मराठी फाँट असतात, ज्यांत जुळवलेला मजकूर नव्या यंत्रावर उघडला असता रोमन अक्षरे, टिंबे आणि स्वल्पविराम यांच्या अनाकलनीय रांगा दिसतात. आणि पाठीमागे, पूर्वी प्रिंटरची जाड केबल जिथे लागत असे त्या जागी, एक डाँगल खोचलेले असते. डाँगल म्हणजे आज्ञावली विकत घेतल्याचा पुरावा म्हणून कायम लावून ठेवण्याची चावी; ती जिथे बसते ते भोक नव्या संगणकांना ठेवलेलेच नसल्यामुळे, यंत्र बदलायचे तर चावी, कुलूप आणि त्यामागची वीस वर्षांची कामे अशी सगळीच सोडून द्यावी लागतात. सबब यंत्र बदलत नाही.

या यंत्रावर विंडोज एक्सपी चालते. तिला कंपनीने दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, याचा अर्थ त्यानंतर तिच्यात सापडलेली भगदाडे बुजवण्याची जबाबदारी सर्वसाधारण गिऱ्हाइकापुरती कोणाचीच उरली नाही. म्हणून तिच्या दाराशी अँटिव्हायरस बसवला जातो, आणि इथूनच प्रस्तुत विषयाला सुरुवात होते. कारण हा पहारेकरी चोरांची वाट पाहत स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नसून, दर काही तासांनी चोरांच्या वर्णनांची नवी यादी मागवून ती मालकाच्या खोलीत मोठ्याने वाचणाऱ्यांपैकी असतो.

अँटिव्हायरसचे अपडेट दोन प्रकारचे असते, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच या क्षेत्रातले बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत. पहिल्या प्रकारात केवळ व्याख्या येतात, म्हणजे ज्यावरून व्हायरस ओळखायचा त्या खुणांची यादी. ती रोज आली तर लहान असते, परंतु महिनाभर न आल्यास पुष्कळदा अख्खी नव्याने उतरवावी लागते. दुसऱ्या प्रकारात खुद्द अँटिव्हायरसच नवा होऊन येतो, अंगात नव्या सोयी घेऊन येतो, आणि या सोयी नव्या यंत्राच्या ऐपतीवर बेतलेल्या असल्याने एक जीबी मेमरीच्या संगणकात शिरल्यावर त्याची अवस्था अशी होते की व्हायरस आला असता तरी त्याला काम करायला जागा मिळाली नसती. पहिला प्रकार सोसावा आणि दुसरा टाळावा, असे कोणताही विचारी मनुष्य म्हणेल. अडचण एवढीच की दोन्ही बहुधा एकाच दारातून, एकाच चिन्हाखाली आणि एकाच वेळी आत येतात.

ती वेळ कोणती, याविषयी व्यवसायातल्या लोकांत दुमत नाही. दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म आजच छपाईला जायचा आहे, संपादकांनी ऐन वेळी एका कवितेची जागा बदलली आहे, आणि ऑपरेटरने प्रिंटची आज्ञा दिलेली आहे, अशा वेळी संगणकाच्या डबड्यावरचा लाल दिवा लुकलुकणे थांबवून एकसारखा जळू लागतो, हार्ड डिस्क आतून कुरकुरते, कर्सरचे वाळूचे घड्याळ होते आणि पेजमेकरच्या डोक्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द उमटतात. ऑपरेटर एंटर दाबतो. काहीच होत नाही म्हणून आणखी चारदा दाबतो, आणि यंत्र तो प्रत्येक दाब निमूटपणे नोंदवून ठेवून, शुद्धीवर आल्यानंतर न विचारलेल्या प्रश्नांनाही होकार देऊन टाकते. ‘झालं का हो?’ या संपादकांच्या फोनवरील प्रश्नाला ‘साहेब, अपडेट चालू आहे’ हे उत्तर शब्दशः खरे असूनही आजवर कोणत्याही संपादकाचे त्याने समाधान झालेले नाही.

या अपडेटच्या प्रतिबंधाचा पहिला मार्ग सनदशीर आहे. अँटिव्हायरसच्याच सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आपोआप न करता विचारून करावे असे सांगता येते, किंवा त्यासाठी जेवणाच्या सुटीची वेळ नेमून देता येते. हा मार्ग उत्तम आहे, आणि वापरला जात नाही. कारण ते पान सापडेपर्यंत जेवणाची सुटी संपते. शिवाय विचारण्याची मुभा दिल्यावर पहारेकरी खरोखरच विचारू लागतो, आणि उजव्या कोपऱ्यातून दर तासाला वर सरकणारी ती चौकट नेमकी पृष्ठांकावर येऊन बसते.

दुसरा मार्ग बंडखोरीचा. विंडोजमध्ये पडद्यामागे सतत चालणाऱ्या कामांना सर्व्हिस म्हणतात, आणि त्यांच्या यादीत जाऊन अपडेटची सर्व्हिस बंद करता येईल असे वाटते. पण अँटिव्हायरसला स्वसंरक्षणाची तरतूद असल्यामुळे ‘ॲक्सेस डिनाइड’ असे उत्तर मिळते, आणि ज्याने वीजबिल भरले, लायसन्स विकत घेतले आणि यंत्राला दसऱ्याला झेंडूचा हार घातला, त्या मालकाला आपल्याच संगणकात अधिकार नसल्याचे प्रथमच कळते. यात अँटिव्हायरसची बाजूही समजून घेतली पाहिजे. २००८ च्या नोव्हेंबरात प्रकट झालेल्या कॉनफिकर नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने लक्षावधी संगणकांत शिरल्यावर जी कामे केली, त्यांत विंडोजची स्वयंचलित अपडेट्स बंद पाडणे आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे जाणारी वाट अडवणे ही दोन प्रमुख होती. छापखान्याचा मालक शनिवारी दुपारी जे करू पाहत असतो ते याहून तसूभरही वेगळे नसते. हेतू निराळा असतो खरा, पण हेतू ओळखण्याची व्याख्या अद्याप कोणत्याही अपडेटमधून आलेली नाही.

संशयाचे हे सत्र मालकापाशी थांबत नाही. मराठी टंकलेखनाची आज्ञावली कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ मधल्यामध्ये पकडते आणि तिच्या जागी दुसरे अक्षर ठेवते; पासवर्ड चोरणाऱ्या आज्ञावल्यांचा धंदाही प्रत्येक कळ मधल्यामध्ये पकडण्यावरच चालतो, आणि त्यामुळे नव्या व्याख्या वाचून आलेल्या पहारेकऱ्याने ‘अ’ला अटक केल्यास त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. मोठ्या कंपन्यांची मोठी अपडेट्सही या भ्रमातून सुटलेली नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या व्याख्यांच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या एका अत्यावश्यक फाइललाच व्हायरस ठरवले, आणि जगभरातले असंख्य संगणक बंद होऊन चालू, चालू होऊन बंद होत राहिले. त्या दिवशी ज्यांनी आळसामुळे अपडेट केले नव्हते त्यांचे काम विनाव्यत्यय चालले, आणि हा दाखला आळशी मंडळी आजही पुढे करतात. तो टिकत नाही, कारण उरलेल्या दिवसांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

जाणकारांच्या मते खरा उपाय तिसराच आहे, तो म्हणजे नेटची वायर काढून टाकणे. वायर नसलेल्या संगणकाला अपडेट मिळत नाही आणि व्हायरसही सहजी मिळत नाही, आणि पेजमेकरला बाहेरच्या जगाशी पूर्वीही काही कर्तव्य नव्हते. मात्र मजकूर आत येणार आणि पीडीएफ बाहेर जाणार पेन ड्राइव्हवरून, आणि तो पेन ड्राइव्ह लेखकाच्या घरी, त्याच्या पुतण्याच्या कॉलेजात आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला असतो, म्हणून तो आधी नव्या संगणकावर तपासून मगच जुन्याला लावण्याचा दंडक काटेकोर पाळावा लागतो. तो सोमवारी पाळला जातो.

याखेरीज एक चौथा प्रतिबंध आहे, जो कोणीही योजत नाही, आपोआप घडतो. मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, जो संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की यंत्र सुरू होताना काळ मागे जाऊन २००२ सालच्या १ जानेवारीसारख्या एखाद्या तारखेवर येऊन थांबतो. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची मुदत संगणकाच्या दृष्टीने अजून सुरूच व्हायची असल्यामुळे बहुतेक सर्व्हरांशी बोलणे खुंटते, अपडेट येत नाही, आणि मालकाला वाटते की आपण मागच्या महिन्यात केलेल्या कोणत्या तरी खटपटीला यश आले. यंदाच्या अंकाची फाइल २००२ ची तारीख लागून यादीच्या तळाशी गेली आणि ती शोधण्यात सकाळ गेली, की दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. तो ‘काका, काही नाही, सेल गेलाय’ असे सांगून नवा सेल बसवतो, घड्याळ बिनचूक जुळावे म्हणून नेटची वायर एवढ्यापुरती जोडतो, आणि चहा येईपर्यंत लाल दिवा एकसारखा जळू लागलेला असतो.