चार चाकं, दोन साडू आणि एक काठी

आमचे साडू नंदुरबारला मिरचीचा धंदा करतात. पथारीवर सुकत पडलेली मिरची लांबून बघून पोत्यात किती भरेल ते सांगतील, असा माणूस. पण स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की या वाघाची गोगलगाय होते. घरातला कूलर निवडायला त्यांना दोन उन्हाळे लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात मेहुणी स्वतः बाजारात गेली आणि तासाभरात कूलर घेऊन आली. तो कूलर बरोबर आहे की नाही, यावर साडूंचा विचार अजून चालू आहे.

अशा माणसाने जुनी पिकअप घ्यायचं मनावर घेतलं. मोलगीकडून आमचूर उतरवायचा, तर भाड्याची गाडी परवडत नाही, हे कारण. गाड्या दोन नजरेत होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच वर्षाच्या, दोन्हींच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’. फरक एवढाच की एक साधी, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ओढणारी, आणि दुसरी फोर बाय फोर. शिवाय दीड लाखाचा.

साडूंनी वही केली. डाव्या पानावर फोर बाय फोर, उजव्यावर साधी. डावीकडे पहिली ओळ, ‘कुठेही अडकणार नाही.’ उजवीकडे, ‘दीड लाख वाचतील.’ त्याखाली लगेच, ‘वाचलेले दीड लाख खिशात घेऊन अडकलो तर?’ मग ज्याला त्याला विचारणं सुरू झालं. सासरे म्हणाले, घ्या चारही चाकांची; त्यांच्या लहानपणी जंगलखात्याच्या साहेबाकडे जुनी विलीज जीप होती, दुसऱ्या महायुद्धात वापरली तसली, आणि ती म्हणे भिंतीवर चढायची. गॅरेजवाल्या मिस्त्रीचं मत उलटं. “शेठ, चारी चाकं फिरतस, पन पैसा ते एकच खिसामाईन जास!” पुढच्या चाकांना ताकद न्यायची म्हणजे पुढे आणखी एक डिफरन्शियल, आणखी एक शाफ्ट, मध्ये ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केसची पेटी. एवढं लोखंड वर्षभर वागवायचं, त्याला तेलपाणी करायचं, आणि कामाला येणार वर्षातून आठ वेळा. “घरजावई हाई तो,” मिस्त्री म्हणाला. साडूंनी तेही वहीत लिहिलं, डावीकडे. मेहुणीने ते वाचलं.

शेवटी फोर बाय फोरच्या मालकाने दोन दिवस गाडी चालवून बघायला दिली. गाडी बघायची तर रस्ता संपतो तिथे न्यावी, आणि मार्च महिना, म्हणून ठरलं काठी. अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या आत, मोलगीच्या बाजूला. तिथली राजवाडी होळी बघायची माझी जुनी इच्छा होती, त्यामुळे धुळ्याहून मीही आलो. मेहुणीने माझ्याकडे एकवार खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, “जिजाजींना घेऊन जाताय, तर हवा बघून घ्या टायरातली.” माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कामाला येतं.

नंदुरबार सोडतानाच साडूंनी छोटा दांडा खेचून फोर-एचवर टाकला. गाडीत दोन दांडे होते, एक नेहमीचा गिअरचा आणि शेजारी हा धाकटा. मी म्हटलं, “अहो, हा तर चांगला डांबरी रस्ता आहे.”

“भाऊसाहेब, पैसे चार चाकांचे मागतोय ना तो? मग चारही फिरू देत.”

हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली, तळोदं आलं. सरळ रस्त्यावर गाडीने तक्रार केली नाही. तळोद्यात चहाच्या टपरीकडे वळायला साडूंनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि गाडी हट्टी गोऱ्ह्यासारखी आखडली. टायर चिरकले, एक धक्का बसला, खालून ‘कडक्’ असा आवाज आला. साडूंचा चेहरा पांढरा. टपरीवर बसलेला एक काळी-पिवळीचा ड्रायव्हर बशीतला चहा न सांडता म्हणाला, “दादा, फोरमध्ये टाकलीय का?”

मग त्याने दोन ग्लास बाकावर ठेवले आणि समजावलं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची छोटा. तुम्ही दोघांना एका दोरीला बांधून ठेवलंय. मातीवर, वाळूवर चाक जरासं घसरतं आणि भांडण मिटतं. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग ते भांडण खालच्या पेटीत जातं. “अशीच चालवली तर पेटी बोलेल एक दिवस,” तो म्हणाला. साडूंनी मुकाट्याने धाकटा दांडा टू-एचवर आणला. म्हणजे आता आम्ही दीड लाख जास्त किमतीच्या साध्या गाडीत बसलो होतो.

अक्कलकुव्याहून आत वळलं की देवगोईचा घाट लागतो. पळसाला फुलं आलेली, सागाची पानं झडलेली, आणि रस्ता डोंगराच्या बरगड्या मोजत वर जाणारा. होळीला निघालेलं सगळं जग त्या घाटात होतं. पिकअपच्या मागच्या हौद्यात बायका, पोरं, ढोल, कोंबड्या आणि टपावर दोन तरणे, असं भरून गाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. सगळ्या साध्या. हे कायद्यात बसत नाही, आणि या जिल्ह्याच्या घाटांमधून भरलेल्या गाड्या दरीत गेल्याच्या बातम्या आपण सकाळी चहाबरोबर वाचतो, पान उलटतो. पण एस. टी.च्या तुरळक फेऱ्यांत मावत नाहीत ती माणसं जाणार कशाने, हा प्रश्न त्या घाटात गाडीत बसून सुटत नाही. साडूंचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. “एवढी भरलेली, साधी गाडी, आणि चढतेय कशी?” ते दर वळणावर विचारत होते.

संध्याकाळी काठीला पोचलो. नाल्यापलीकडे एका शेतात गाडी लावली. शेताच्या मालकांना, म्हाताऱ्या आबांना, विचारलं तर म्हणाले, “लावा ना. पण सकाळी निघताना सरळ या, तिरपं नका येऊ.” आम्ही हो म्हटलं आणि विसरलो.

काठी हे जुनं भिल्ल संस्थान. ही होळी १२४६ सालापासून चालत आली आहे असं तिथे सांगतात. रात्र चढेल तसे डोंगरातून ढोल उतरत येतात. आधी नुसता दणका ऐकू येतो, मग मशालीएवढा उजेड, मग माणसं. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर राखेच्या पांढऱ्या नक्षीचे बुध्या. कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरं. नाचताना भोपळे एकमेकांवर आपटून जो खुळखुळाट होतो तो ढोलाच्या खालून, अगदी पोटात येऊन बसतो. यातल्या कितीतरी जणांनी मानता घेतलेली असते. ते दिवस पायात काही घालायचं नाही, खाटेवर बसायचं नाही. मी दोन उशांशिवाय झोपू न शकणारा माणूस, एका अनवाणी पोराशेजारी उभा राहून पहाटेपर्यंत पाय बदलत होतो.

मध्ये उभा होता होळीचा दांडा. साठ-सत्तर फुटांचा बांबू. त्याचा खड्डा अवजार न लावता हातांनी उकरतात. साडूंनी मान वर करून टोक शोधलं आणि आबांना धंद्यातला प्रश्न विचारला. “हा कोणत्या गाडीतून आणला?”

“गाडी?” आबा म्हणाले. “खांद्यावर. गुजरातच्या जंगलातून.”

“किती जणं लागली?”

“लागतील तितकी.”

साडूंनी खिशातून वही काढली, जरा वेळ उघडी ठेवली आणि काही न लिहिता मिटली.

पहाटे होळी पेटली. तेव्हा एवढ्या गर्दीत शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, मग एकदम सगळे ढोल. याहून जास्त मला सांगता येणार नाही. मी डोळे चोळत होतो, आणि ते फक्त धुराने नव्हतं.

उजाडल्यावर परत निघालो. नाला समोर आला आणि साडूंना आठवलं की गाडीची परीक्षा घ्यायची राहिलीच आहे. “हीच वेळ,” असं म्हणून त्यांनी गाडी थांबवली, धाकटा दांडा फोर-एलवर टाकला. फोर-एल म्हणजे बैलाची चाल, वेग नाही पण ताकद भरपूर. आणि गाडी नाल्यात घातली. तिरपी.

मधोमध गेल्यावर पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक, दोन्ही हवेत. साडूंनी रेस दिली. ती दोन चाकं हवेत मजेत गरगर फिरायला लागली आणि जमिनीवरची दोन आपली स्वस्थ बसून. हे असं का होतं ते मला तेव्हाच खाली वाकून दिसलं. डिफरन्शियलचा स्वभावच तसा. ज्या चाकाला अडवणारं कोणी नाही, ताकद त्याच्याकडे पळते. आमच्या घराण्यात धाकट्या काकांचं हेच होतं. कष्ट थोरल्याचे, फिरणं धाकट्याचं. साध्या गाडीत असा एक उनाड निघाला की गाडी अडकते. फोर बाय फोरमध्ये दोन निघावे लागतात, पुढे एक, मागे एक. दीड लाख भरले की तेवढी सोय होते. डिफरन्शियल लॉक करायची सोय असलेल्या गाड्या मिळतात, पण ही त्यातली नव्हती.

आबा काठावर उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते उभे होते. ते जास्त लागलं.

मग रात्रभर नाचलेली पोरं आली. टोप काढून बाभळीवर टांगले, कमरेचे भोपळे तसेच. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, “साहेब, तुम्ही इथे उभे राहा.” मी हौद्यात चढून त्या कोपऱ्यावर उभा राहिलो. माझ्यामागे पाच पोरं. गाडी एक सुस्कारा सोडून कलंडली, हवेतलं चाक मातीला टेकलं, त्याने गोटे चावले. बाकीच्या पोरांनी हो-हो करत मागून रेटा दिला, भोपळे फळीवर ताडताड वाजले, आणि आम्ही बाहेर.

अर्ध्या किलोमीटरवर मुरमाच्या चढावर एक साधी पिकअप रिकामी उभी होती. रात्री याच गाडीतून वीस-पंचवीस जण आले होते, याच रस्त्याने. आता मागची चाकं नुसता धुरळा उडवत होती. ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे येऊ लागला. मला वाटलं, फोर बाय फोर दिसली, दोर बांधून ओढायला सांगेल. तो सरळ माझ्याकडे आला.

“साहेब, जरा मागे बसता का? बरोबर एक्सलवर.”

मी बसलो. पोरं बसली. गाडी वर गेली. तेव्हा साडूंना घाटातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: पिकअप मालासाठीच बांधलेली, ओझं मागे, ओढणारी चाकं मागे, भरली की पकडते, रिकामी की घसरते. त्यांनी वही काढली आणि दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीवर एक शब्द लिहिला. मी डोकावून बघितलं. ‘वजन.’

साडूंनी साधी घेतली. वाचलेल्या दीड लाखातून चांगले खोल नक्षीचे टायर घातले, आणि आता मोलगीला जाताना गाडी रिकामी न्यायची नाही म्हणून किराणा घेऊन जातात, येताना आमचूर.

जुलैत भर पावसात त्यांचा फोन आला. उद्या धडगावला जायचंय, एक जुनी वसुली आहे, हवा काय सुंदर आहे, धबधबे सुटलेत, तुम्ही येताय का. मी म्हटलं, येतो की, पण एवढं अगत्य?

“अगत्य कसलं भाऊसाहेब, घरचेच तुम्ही. ताईंनाही आणा. गाडी जाताना रिकामीच आहे.” मग जरा थांबून, काळजीच्या आवाजात, “आणि डॉक्टरांच्या नादी लागून वजन-बिजन कमी केलं नाहीत ना?”