चार गिगाबाइटांची जमाबंदी

रोख पैसे मोजून संगणकात ४ गिगाबाइट रॅम बसवून घ्यावी आणि पडद्यावर मात्र ‘वापरण्यायोग्य ३.२५’ अशी नोंद वाचावी, हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला, त्याला वतन खालसा झालेल्या इनामदाराचे दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही. वस्तुतः ३२ बिटांच्या दप्तरात पत्तेच मुळी ४,२९,४९,६७,२९६. आणि त्यांतले वरच्या अंगाचे पत्ते ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस आदी मानकऱ्यांनी, पदरची कवडीही त्या रॅममध्ये न घालता, आधीच आपल्या नावे लावून घेतलेले असतात. सातबाऱ्यावर चढली नाही ती जमीन कसायची कोणी? पाऊण गिगाबाइट पडीक राहते. १९९५ सालच्या पेंटियम प्रोने ३६ बिटांचे पत्ते देऊन ६४ गिगाबाइटांपर्यंत मुभा दिली होती, नाही असे नाही. परंतु जुने ड्रायव्हर एवढ्या लांब पत्त्यांनी गांगरतात या सबबीवर ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीने ती रयतेस नाकारली आणि सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्यांना मात्र बहाल केली.

आमच्या दुकानदाराने सारी कैफियत शांतपणे ऐकून घेतली आणि आणखी २ गिगाबाइट घेण्याचा सल्ला दिला.